कडावच्या गोठ्यातली पवळी

बबनदादा मासा विकत घ्यायला गेले की आधी त्याच्या तोंडाकडे बघत. रंग, पट्टे, शेपटीचा डौल या गोष्टी ते इतर गिऱ्हाइकांसाठी सोडून देत. काचेला नाक लावून ते इतका वेळ उभे राहत की दुकानदार त्यांच्यासाठी चहा मागवी आणि शेवटी कंटाळून तो स्वतःच पिऊन टाकी. "ह्याचं तोंड चिमट्यासारखं हाय," असा निकाल आला की तो मासा बाद. मग तो कितीही देखणा असो.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. कडावच्या भातशेती करणाऱ्या घरातला हा माणूस तरुणपणी मुंबईत शोभेच्या माशांच्या दुकानात कामाला होता. गावी परतल्यावर त्यांनी रिकाम्या गोठ्यात काचेच्या टाक्या मांडल्या, पाण्यात मोजून मीठ कालवलं आणि समुद्र तयार केला. गावाला त्याचं नवल कमी आणि राग जास्त. एकदा माझ्यासमोरच एक शेजारी म्हणाला, "खायचा नाय तर मासा ठेवलाय कशाला रं?" दादा टाकी पुसत म्हणाले, "तू तरी कुठं कामाचा हायेस? ठेवलाय ना बायकोनं?"

पण दादांचा खरा जीव प्रवाळांवर. ते त्यांना पवळी म्हणत. समुद्रातून तोडून आणलेलं प्रवाळ ते दारात उभं करत नसत. टाकीतच वाढलेल्याचा नखाएवढा तुकडा आणायचा, दगडावर चिकटवायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. प्रवाळ दिसतं फुलासारखं, पण असतो जीव, आणि पुष्कळ माशांना तो चविष्ट लागतो. म्हणून दादांचा नियम होता : नवा मासा आधी वेगळ्या टाकीत, सोबत पवळ्याचा एक तुकडा, आणि पंधरा दिवस पहारा. "पवळं म्हंजे घरची लेक, मासा घरजावई. तो काय खातो ते आधी बघावं. मागनं बघून काय उपेग?"

मी हा नियम मोडून पाहिला आहे. मी कॉलेजात शिकवायचो, त्यामुळे मला सगळं कळतं असा माझा समज होता. घरच्या टाकीत दादांनी दिलेली पवळी होती. तिच्यात मी एक पिवळाधमक फुलपाखरू मासा परस्पर आणून सोडला. तिसऱ्या दिवशी टाकीत मासा होता, आणि होते नुसते दगड. दादा बघायला आले आणि हळहळत म्हणाले, "एवढं वाचता, सर, आन् मासा तेवढा कवर बघून घेतलात?"

लोधिवलीजवळ एका शेठनी फार्महाऊस बांधलं. त्याला शेत नव्हतं, पण फाटकावर सिमेंटचे दोन सिंह होते. दिवाणखान्यात भिंतभर टाकी होती आणि ती सजवायला दादांना बोलावणं आलं. दादांनी आपली बटण पवळी, म्हणजे दगडावर बटणांसारखी गोल गोल उगवणारी जात, तिथे नेली. एका तुकड्यापासून तीन वर्षांत वाढवलेले अकरा दगड; गोठ्यात त्या जातीचं दुसरं काही उरलं नाही. अट एकच : "मासे मी सांगंन तेच. न्हायतर पवळी परत." शेठ हसत हो म्हणाले. शेवाळ खाणारा टँग, वाळू चाळणारा गोबी आणि जोकर माशांची जोडी, अशी शहाणी मंडळी दादांनी निवडून सोडली. महिनाभर सगळं सुखाने नांदलं.

वास्तुशांतीच्या सकाळी मी दादांना माझ्या गाडीतून तिथे नेलं, तर शेठ मुंबईच्या घरचा लाडका मासा घेऊन आले. निळ्याशार अंगावर पिवळ्या रेघा, वीतभर लांब. "बबन, हा राजा आहे. मंत्रालयातले साहेब येतायत. सोड आत."

दादांनी तोंड पाहिलं. "राजा हाय म्हणूनच भ्या वाटतं, शेठ. राजानं दुसऱ्याच्या शेतात तोंड घातलं, तर त्याला इचारणार कोण?"

शेवटी ठरलं : शेजारच्या लहान टाकीत तासभर चाचणी. दादांनी एक दगड काढून तिथे ठेवला आणि मासा सोडला. अर्धा तास राजा नुसता फेऱ्या मारत होता. शेठ खुशीत आले. मीही मनातून माशाच्याच बाजूने झुकत होतो. इतकं सौंदर्य निर्दोष असावं असं आपल्याला उगीच वाटतं. बघता बघता पाहुणे जमले. भटजी मंत्र म्हणता म्हणता मान वाकडी करून बघू लागले. मासा दगडाजवळ गेला, थबकला, वळला. "गेला, गेला!" कुणीतरी ओरडलं. तो परत आला आणि टप्पकन एक बटण उचकटलं. मग दुसरं. सारा दिवाणखाना ओरडला.

शेठ म्हणाले, "दोन खाल्ली तर काय झालं? एवढी आहेत की!"

ही बटणं माणसाला विषारी असतात, म्हणून दादांनी दंडापर्यंतचे रबरी हातमोजे चढवले आणि मोठ्या टाकीत हात घातला. "टाकी तुमची, मासा तुमचा. पवळी माझी." एकेक दगड बादलीत येऊ लागला, लहान टाकीतला टोचलेलाही. पाहुण्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात साहेब पोचले. "स्तुत्य उपक्रम," असं म्हणून त्यांनी बादलीला नमस्कार केला.

तीन बादल्या माझ्या गाडीत बसल्या. त्यातली एक दादांच्या मांडीवर. "हळू, सर. गाडीत पोटुशी बाई बसलीय असं समजा." चौक गेलं, कर्जत आलं, प्रत्येक गतिरोधकावर पाणी हिंदकळायचं आणि दादा श्वास रोखून धरायचे. गोठ्यात पोचलो तेव्हा सगळी पवळी मुठीसारखी मिटलेली होती. एवढ्या घुसळणीतून ती जगतील की नाही, दादांनाही सांगता येईना. "मेली तर बीसुद्धा नाय उरायचं," एवढंच ते म्हणाले.

सकाळी त्यांचा फोन आला. "सर, या. असाल तसे या."

मी लुंगीवर गाडी काढली. टाकीत दिवा लागला होता. हिरवी, केशरी बटणं झालर पसरून पाण्यात हलत होती. दहा दगड फुलले होते. अकरावा, राजाने टोचलेला, अजून करडा होता. आम्ही दोघं काचेला नाक लावून उभे राहिलो. किती वेळ, कोण जाणे. मग त्या दगडावर एक केशरी ठिपका उमटला, रुंदावला. त्याच्या शेजारी दुसरा, मग एकदम सात-आठ. मी ओरडणार, तोच दादांनी माझा दंड घट्ट आवळला.

"थांबा, सर, थांबा. अजून दोन उघडायची राह्यलीत."