मानाची किटली

फौजेत सतरा वर्षं काढून आलेल्या माणसाला तुम्ही काय देता? खरं सांगा. एटीएमच्या दारातली प्लॅस्टिकची खुर्ची, एवढंच ना?

विश्वजित चौगलेला कोल्हापूरच्या शाहूपुरीत तीच मिळाली होती. दोन हिवाळे बर्फात काढलेला हवालदार काचेचं दार उघडून उघडून विटला आणि पेठ वडगावजवळच्या आपल्या गावात, दूध संस्थेत माप घ्यायला लागला. तीन महिने बघून कायम करू, असं चेअरमन म्हणालेला. माणसांतलं काम, ते त्याला सोडायचं नव्हतं.

पहिल्याच सकाळी त्यानं शिट्टी मारून दूध घालायला आलेल्या बायकांना हिंदीत लाईन लावायला सांगितलं. बायका हसून बेजार. चिमणाबाई म्हणाली, "हवालदार, सलामी बी ठोकू काय?" तोही हसला. शिट्टी खिशात गेली, रांग मात्र राहिली.

नडत होती एकच गोष्ट. चेअरमनची किटली कितीही उशिरा येवो, माप तिचं आधी. गावचा रिवाजच तसा. त्यापायी एकदा चिमणाबाईची भांगलणीला, शेतातलं तण काढायला नेणारी जीप चुकली, दिवसाचा रोजगार बुडाला. दुसऱ्या दिवशी विश्वजितनं ती मानाची किटली उचलून रांगेच्या शेवटी ठेवली.

चेअरमन बुलेटवरून आला तो ओरडतच. विश्वजितचे कान तापले, पण आवाज चढला नाही. ती फौजेची शिकवण.

"चेअरमन, बडाखान्याला, म्हंजे पलटणीच्या मोठ्या जेवणाला, आमचा कर्नल आम्हाला हातानं वाढायचा आन् मग जेवायचा. त्याचा मान कुठं कमी झाला न्हाय. त्याच्यासाठी जीव द्यायला तयार होतो की आम्ही."

"उद्यापास्नं येऊ नकोस."

विश्वजितनं राहिलेली रांग संपवली, मापं धुतली आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी मापाला चेअरमनचा पुतण्या. चिमणाबाईनं किटली खाली टेकवली आणि झाकणावर हात ठेवला. "हवालदार आल्याबिगर न्हाय." मागच्या साठ किटल्याही खाली टेकल्या. दुधाची गाडी हॉर्न मारून दमली. शेवटी चेअरमन चालत विश्वजितच्या दारात आला.

"चल बाबा."

"आन् किटली?"

"लाईनीत."

आज विश्वजित कायम आहे. चेअरमनची किटली कधी आठवी, कधी तिसावी.

तुमच्या गल्लीतही असा एखादा परत आला असेल. त्याला दारात बसवू नका. आज संध्याकाळीच त्याच्याकडं जा आणि गावचं एक अडलेलं काम त्याच्या हातात द्या.