रिठ्याच्या पाण्यात दोन चमचे

विज्ञान शिकवणारा माणूस खोटं बोलूच शकत नाही.

हे वाक्य माझं नाही. माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभात संस्थेचे एक पदाधिकारी ते बोलले. त्याआधी ते बराच वेळ स्वतःबद्दल बोलले होते, त्यामुळे माझ्या वाट्याला एवढंच आलं. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत माझी बायको, मंदा, बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसती मान हलवली. जे आपल्याला आधीपासूनच ठाऊक आहे त्याला काय टाळ्या वाजवायच्या, अशी. त्या वेळी आमच्या न्हाणीघराच्या माळ्यावर, फुटक्या बादलीमागे, एक पांढरा डबा होता. त्या डब्याबद्दल मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मंदाला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. याला धाडस म्हणत नाहीत, हे मला कळतं.

डब्याकडे येतोच. पण त्याआधी मंदाचं सांगायला हवं.

मंदा कर्जत तालुक्यातली. लग्न होऊन भिंगारला आली तेव्हा आईनं तिला एक तांब्याचं घंगाळ दिलं होतं. तिची आई त्यात रिठे भिजवायची आणि त्या पाण्यात घोंगड्या, लुगडी धुवायची. आमच्याकडे त्या घंगाळात बरीच वर्षं छत्र्या उभ्या होत्या. मग मुलगी लग्न होऊन गेली, घरात दोनच माणसं उरली, आणि मंदानं एक दिवस छत्र्या काढून घंगाळ चिंचेनं घासून लख्ख केलं. मोबाईलवर तिनं काय काय पाहिलं होतं. लिंबा-मोसंब्याची सालं, गूळ आणि पाणी बाटल्यांत भरून तीन महिने ठेवायचं, त्यानं फरशी पुसायची. त्या बाटल्यांची झाकणं रोज सैल करून आतला वायू सोडावा लागतो. मंदा त्याला बाटल्यांना ढेकर काढणं म्हणायची. रोज सकाळी माझा चहा या ढेकरांनंतर होई.

मी चेष्टा केली. करणारच. रसायनशास्त्र शिकवण्यात उभा जन्म गेलेला. एकदा ती व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून मोरी घासत होती. भरपूर फसफसत होतं, आणि ती त्या फसफसण्याकडे कौतुकानं बघत होती. मी म्हणालो, हे दोन्ही एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते खारट पाणी. तू खारट पाण्यानं मोरी धुतेयस. दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही वेगवेगळं वापरून पाहिलं आणि मला बोलावून दाखवलं, फरक पडलाय. पडला होता. आमच्या घरात प्रयोग करणारं माणूस कोण होतं, हे मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. कळलंही असेल. आवडलं नाही, एवढंच.

मग रिठा आला. साली रात्रभर भिजवायच्या, सकाळी पातेल्यात उकळायच्या, कुस्करून सुती फडक्यानं गाळायच्या, थोडं लिंबू पिळायचं. आमच्या बोअरच्या पाण्याला साबण नीट लागत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो. रिठ्याला त्या पाण्याचं वावडं नाही. भांडी खरोखर स्वच्छ निघत. मी बोटानं तपासून पाहिलं होतं, ती बघत नसताना. पण रिठ्याचा फेस पातळ असतो आणि लगेच बसतो. मंदानं गल्लीत पाच घरी बाटल्या दिल्या, आणि चार घरांतून एकच तक्रार आली. एक बाई तर दारातच म्हणाली, "मंदाताई, हे नुसतं पाणीच हाय की."

मंदा ती बाटली घेऊन घरी आली. पायरीवर बसली. दोन बोटांत थेंब घेऊन चोळत राहिली. चार दिवसांनी, शनिवारी, महिला मंडळात तिचं प्रात्यक्षिक होतं. 'वसुंधरेचे रक्षण घरापासून' असा फलक लागणार होता. वसुंधरेचं रक्षण चार वाजता सुरू होणार होतं. पाहुणे साडेपाचला आले, ते वेगळं.

शुक्रवारी मी नगरच्या बाजारात गेलो. फिनेल आणि भांड्यांचं लिक्विड बनवणाऱ्यांना लागणारा माल सुटा विकणारं एक दुकान आहे, तिथून फेस आणणारी पेस्ट घेतली. पांढरी, घट्ट, बिनवासाची. मंदा भाजी आणायला गेली तेव्हा तिच्या रिठ्याच्या पाण्याच्या कॅनमध्ये दोन चमचे ढवळली.

दया आली म्हणून? वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगितलं. बायको पायरीवर बसलेली बघवली नाही, म्हणून. ऐकायला बरं वाटतं, नाही का? पण तेवढंच असतं तर मी तिला जवळ बसवून सांगितलं असतं की फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. हे मी दहावीच्या दरेक वर्गाला सांगितलं होतं, परीक्षेत विचारलं होतं. मंडळात जाऊन तेच दोन वाक्यांत सांगितलं असतं तर काम झालं असतं. मी तसं केलं नाही. मला गंमत बघायची होती. फलकाखाली बसलेल्या बायका फेस पाहून कशा माना डोलावतात, वसुंधरा कशी वाचते — हे मला मागच्या खुर्चीवर बसून बघायचं होतं. आणि त्या माना डोलावणाऱ्यांत मंदाही असणार होती. हे मला दिसत होतं का? दिसत होतं.

फेस झकास आला. टाळ्या झाल्या.

पुढच्या आठवड्याचं पाणी पुन्हा पातळ निघणार, म्हणून पुन्हा दोन चमचे. मग दर आठवड्याला. थांबायचं कसं? थांबलो तर ती विचारणार, या खेपेला काय चुकलं. आणि ती विचारतच होती, पण वेगळंच — या खेपेला काय बरोबर आलं? तिनं एक वही घातली. साली किती, पाणी किती, किती वेळ भिजवल्या, ऊन होतं की ढगाळ. फेस कशानं वाढला ते ती शोधत होती. महिनाभरानं तिनं निष्कर्ष काढला, की पहिल्या खेपा प्लास्टिकच्या टबात भिजवल्या होत्या आणि प्रात्यक्षिकापासून घंगाळात. तेव्हा हा गुण तांब्याचा. तिनं तसं मंडळात सांगितलं. भिंगारमधल्या निदान दहा-बारा घरांत बायका तांब्याच्या भांड्यांत रिठे भिजवू लागल्या, आणि आमच्याइतका फेस का येत नाही म्हणून मंदाला विचारू लागल्या. ती त्यांना सांगे, भांडं जुनं हवं.

मी ती वही वाचली होती. नीट ठेवलेली, खाडाखोड नसलेली. शाळेत प्रयोगवहीत आकडे मागून भरणाऱ्या मुलांना मी शून्य देत असे, बापाला बोलावत असे. इथं आकडे खरे होते, निरीक्षणं खरी होती. खोटा फक्त मी होतो. वही होती तिथे ठेवली.

आता कल्पनाचं.

कल्पना साळवे आमच्याच गल्लीत राहते. माझी जुनी विद्यार्थिनी, हुशार. नगरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. दिवसातून पन्नासदा हात धुऊन तिच्या बोटांना भेगा पडलेल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, घरी तरी फेसाचा साबण, पावडर, काही लावू नका. म्हणून ती मंदाकडे आली. पहिल्या खेपेपासूनची गिऱ्हाईक. पातळ फेसावर तक्रार न केलेली एकटीच. पेस्टच्या आधी दोन महिने तिनं तेच पाणी वापरलं आणि तिचे हात खरोखर सुधारले होते. तिनं ते मंदाला आणून दाखवले होते, तळवे वर करून, लहान मुलीसारखे.

हे मला माहीत होतं. तिच्या बाटल्या त्याच कॅनमधून भरल्या जातात, हेही माहीत होतं. ती बाटली वेगळी भरता आली असती. मी वेगळी भरली नाही, कारण — काय कारण? सुचलं नाही. खरंच, तेवढंसुद्धा नाही सुचलं.

तिचे हात पुन्हा बिघडले तेव्हा तिनं दवाखान्यातल्या साबणाला दोष दिला आणि घरी रिठ्याचं पाणी जास्तच वापरू लागली. एका रविवारी सकाळी आली, ती दोन्ही हातांना कापड गुंडाळून. मंदानं कापड सोडलं. कातडी लाल, सुजलेली, बोटांच्या बेचक्यांतून लस येत होती. मी पेपर वाचत होतो. पेपर खाली ठेवला नाही.

"काकू, राग मानू नका," कल्पना म्हणाली. "ह्यात रिठ्याशिवाय दुसरं काही आहे का? डॉक्टर विचारतायत. कळलं तर त्यांना बरं पडेल."

मंदा घाबरली की तिच्या तोंडात कर्जत येतं. "न्हाई गं. तुझ्यापासनं काय लपवू? रिठा, पानी, लिंबू. दुसरं काय बी न्हाई."

कल्पना माझ्याकडे वळली. तिला मंदाचा संशय नव्हता. तिला फक्त जाणकार माणसाचं मत हवं होतं. "सर, तुम्ही सांगा."

सांगायचं होतं एकच वाक्य. माळा तिथून दहा पावलांवर होता.

"रिठ्याचीसुद्धा काहींना अ‍ॅलर्जी असते," मी म्हणालो. "शिवाय तांब्यात आंबट राहिलं की तांबं थोडं उतरतंच."

दोन्ही वाक्यं खरी आहेत. कुठल्याही पुस्तकात सापडतील. मी ती वर्गात बोलतो त्या आवाजात बोललो, शेवटी किंचित थांबून, लिहून घेणाऱ्यांना वेळ मिळावा तसा. रिठ्याचं पहिलं वाक्य पुरेसं होतं. मग दुसरं कशाला जोडलं? कारण घंगाळ मंदाचं होतं. दोष माझ्यापासून जितका लांब जाईल तितका मला हवा होता.

मंदानं ते हात पुन्हा कापडात गुंडाळले. मग म्हणाली, "म्हंजी माझ्यामुळंच."

मी पेपरचं पान उलटलं.

कल्पना जाताना तिचं सांत्वन करून गेली. असू दे काकू, तुम्ही काय मुद्दाम केलंत का. तिच्याजवळ देण्याजोगी माफी होती आणि ती तिनं दिली, चुकीच्या माणसाला. हात बरे व्हायला दोन महिने लागले. तोवर दवाखान्यानं तिला वॉर्डातून काढून केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. ती अजून तिथेच आहे. तिला वॉर्डाचं काम आवडायचं.

मंदानं त्याच दिवशी कॅन गटारात ओतला. गटारभर फेस झाला, शेजारच्या दारापर्यंत गेला. ती कमरेवर हात ठेवून बघत होती. "बघा, किती चांगला येत होता," म्हणाली. दुसऱ्या दिवशी घंगाळ मोडवाल्याला दिलं. मी तेव्हाही घरातच होतो. तांबं तोललं जात असताना मी मोडवाल्याला काटा नीट धरायला सांगितलं.

पण घंगाळाचं मला एवढं वाटत नाही. त्या आठवड्यात मंदा आमटी करत होती. तीस वर्षं करते तीच आमटी. स्वयंपाकघरातून तिनं हाक मारली, "अहो, मीठ किती घालू?" मला वाटलं, चेष्टा करतेय. उठून गेलो. ती चमचा हातात धरून उभी होती, आणि ती खरंच विचारत होती. मी सांगितलं, एक चमचा. तिनं एक चमचा घातलं. खारट झाली. तिनं चूक स्वतःकडे घेतली.

तेव्हापासून ती विचारते. दुधाचं विचारते, कपड्यांचं विचारते, नातीला पाठवायच्या लाडवांत तूप किती ते विचारते. फोनवर लेकीला काही सांगायचं झालं तरी आधी माझ्याकडे बघते. आणि मी सांगतो. इतक्या वर्षांत माझं मत कोणी इतकं मानलं नव्हतं, शाळेतसुद्धा नाही. मला ते आवडलं का? पहिले काही महिने — हो. तेही लिहून टाकतो.

निवृत्तीनंतर डब्यातली उरलेली पेस्ट मी स्कूटर धुवायला वापरली. टाकून द्यायचं जिवावर आलं.

सांगायच्या संधी पुष्कळ आल्या. ती आजारी असताना आली, बरी झाल्यावर आली. प्रत्येक वेळी वाटलं, आता सांगून तिला काय मिळणार? हा प्रश्न मी फार समंजसपणे स्वतःला विचारत असे. तिला काय मिळालं असतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. तिचा स्वतःवरचा विश्वास तिला परत मिळाला असता. माझं काय गेलं असतं, हा प्रश्न मी विचारत नसे.

गेल्या दिवाळीनंतर समोरच्या घरात नवं बिऱ्हाड आलं. त्यातल्या मुलीला कोणीतरी सांगितलं, की मंदाकाकूंना रिठ्याचं छान जमायचं. ती विचारायला आली. मंदा म्हणाली, "मला त्यातलं काही कळत नाही बाई. ह्यांना विचार."

मी मंदाचीच कृती सांगितली. साली किती, पाणी किती, किती वेळ भिजवायच्या. त्या मुलीनं मोबाईलमध्ये टिपून घेतलं. तिला ते उत्तम जमतं. आता गल्लीत सहा-सात घरी तिच्या बाटल्या जातात. बाटल्यांवर तिनं हातानं लिहून कागद चिकटवलेत — 'सरांचा रिठा'.

एक आमच्याकडेही आहे. मंदा त्यानं भांडी घासते.