कडूबाईच्या नातीचं नाव

चुडाव्याच्या स्टेशनापल्याड राहणाऱ्या कडूबाईला हे नाव कसं पडलं, ते वस्तीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिचं माहेर पिंगळीचं. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. ही जन्मली तेव्हा आजीनं सांगितलं, पोरीला कडू म्हणा. कडू घास मरणसुद्धा थुंकून टाकतं. पोर जगली. लग्न होऊन चुडाव्याला आली, लोकांच्या रानात राबली, नवरा गेल्यावर एकटीनं मुलाला, सितारामला, वाढवलं. धम्म घेतला त्या वर्षी वस्तीतल्या कितीतरी बायकांनी देवादिकांची नावं टाकून नवी घेतली. हिलाही कुणीतरी विचारलं. "कडू कुण्या देवाचं नाव हाय, बदलायला?" म्हणाली, आणि खुरपं घेऊन कामाला गेली.

सून सत्यशीला सातवी शिकलेली, गावच्या बालवाडीत शिकवायची. तिचा पहिला मुलगा तान्हा असतानाच गेला. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मुलगी झाली. ती अशक्त होती, नीट प्यायची नाही. सत्यशीला तिच्यावरून नजर हलवीना. नामकरणाचा विषय काढला की पुढं ढकलायची. सितारामला वाटलं, नाव सुचत नसेल.

एका दुपारी कडूबाई पोरीला तेल लावत होती. सत्यशीला जवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, हिला तुमचंच नाव ठेवू का?"

कडूबाईचा हात थांबला. याच सुनेनं घरातले गंडेदोरे आणि उतारे बंद केले होते. पण ते तिला बोलून दाखवावंसं वाटलं नाही.

"मी जगले, हे खरं हाय," ती म्हणाली. "नावानं जगले का दुधानं, कुणाला ठावं. पण माझ्या मायनं मला जलमात एकदाबी गोड हाक मारली न्हाई. माया दिसली तर पोर जाईल, म्हणून लय भ्यायची. मरताना माझा हात धरला, तवाबी 'कडू'च म्हणली."

सत्यशीलेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मला भीती वाटते, एवढंच ती म्हणाली.

"भी की. पण तुझं भेव पोरीच्या गळ्यात कामून बांधायलीस?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघी पोरीला घेऊन परभणीला दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, दूध काढून चमच्यानं कसं पाजायचं ते दाखवलं. पोर सावकाश अंग धरू लागली. मग नामकरण झालं. सत्यशीलेनं सुजाता नाव ठेवलं. कडूबाईनं अर्थ विचारला. चांगल्या जन्माची, असं सुनेनं सांगितलं. कडूबाईच्या जिभेवर ते नाव काही केल्या बसेना. ती सुज्याता म्हणायची.

पोर चालायला लागल्यावर कडूबाई दारातून तिला नावानं मोठ्यानं हाका मारायची. शेजारची सरजाबाई सांगायची, असं उघड्यावर नाव घेऊ नये, दृष्ट लागते. कडूबाई ऐकून घ्यायची आणि परत हाक मारायची. पोर मात्र लक्ष न देता रुळाकडच्या शेळ्यांमागं पळायची. मग कडूबाई उठून तिला आणायला जायची.