भाता नसलेली पेटी

धामणगाव बढ्यात लोक थट्टेनं म्हणायचे, पेटी भागवताची अन् दम गोजराबाईचा. खोटं नव्हतं ते. ऐन उमेदीत कडबा कापायच्या यंत्रात भागवताच्या डाव्या हाताची बोटं गेली, आणि डावा हात गेला म्हणजे पेटीवाल्याचा भाताच गेला की हो! मग त्याची बायको गोजराबाई पेटीच्या पलीकडे, त्याच्या समोर बसून भाता मारू लागली. बाईमाणसानं गड्यांच्या भजनात बसावं काय, यावर पारावर खूप काथ्याकूट झाला. एका एकादशीला ती मुद्दाम घरी राहिली. भजन कोरडंच झालं, आणि पुढच्या खेपेला बुवा स्वतः बोलवायला आले.

पुढे तिला दम्यानं गाठलं, पण भाता सुटला नाही. पेटीतून सूर निघायचा, आणि सुराखालून तिच्या छातीची बारीक शिट्टी. ती गेली तेव्हा भागवतानं पेटीवर धोतर टाकलं, ते पुन्हा काढलं नाही. उजव्या हाताची बोटं मात्र ऐकेनात. जेवताना ताटाच्या काठावर चालायची, एसटीत समोरच्या दांडीवर चालायची.

लेक सुचिता चिखलीला मास्तरीण. तिला ते बघवेना. भात्याशिवाय, विजेवर वाजणारा पियानो मिळतो, आपल्याला परवडेल असाही मिळतो, असं सांगून ती बापाला चिखलीच्या दुकानात घेऊन गेली. पुन्हा वाजवता आलं तर माणूस जगेल, नाहीतर बोटं ताटावर आपटत संपेल, एवढंच तिच्या मनात होतं.

दुकानदारानं आधी स्वस्तातला, हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड मांडला. यात शेकडो आवाज आहेत म्हणाला, आणि कौतुकानं पेटीचा आवाज लावून दिला. भागवतानं पट्टी दाबली आणि सवयीनं मान वर करून समोर पाहिलं, वाऱ्याची वाट बघत. समोर नुसती भिंत. सूर मात्र आला, भरघोस आला. त्यानं बोट उचललं नाही. सूर संपेना. कुठं उसासा नाही, भाता मागं घेताना पडतो तो झोल नाही. कोणीतरी न थांबता वारा घालतंच होतं.



"सुचे, बंद कर," तो हळूच म्हणाला. "तुही माय दमली असन."

सुचितानं पट्टीवरचं त्याचं बोट स्वतःच्या हातानं उचललं. दुकानदार गल्ल्याकडे बघत राहिला.

मग तिनंच दुसरा दाखवायला सांगितला. हा नुसता पियानो; आवाज मोजके, पण पट्ट्या जड, बोटाला काम देणाऱ्या. भागवतानं दाबली. सूर टणकन उठला, आणि बोट तसंच दाबलेलं असताना विरत विरत गेला. पियानोचं असंच असतं, पण खालचं पायडल दाबलं की सूर लांबतो, दुकानदार घाईघाईनं म्हणाला.

"राहू द्या," भागवत म्हणाला. "आपल्या मनानं जाते ना? मंग जाऊ द्या त्याले."

त्यानं तोच घेतला. धामणगावला आणल्यावर सुचितानं जागा वाचावी म्हणून तो भिंतीला टेकवून ठेवला. सकाळी उठून पाहते तर म्हातारा एका हातानं तो भिंतीपासून ओढत होता.

"काऊन हो बाबा? खोलीत चालाले जागा राहन काय?"

"तुही माय कुठं बसन मंग?"

"आता भाता कुठं आहे माराले?"

"नाही ना," भागवत म्हणाला, आणि कितीतरी महिन्यांनी त्याच्या तोंडावर हसू आलं. "म्हणून तं. आता नुसतं ऐकाले बसन."

सुचिता पुढे झाली. दुसरीकडून हात लावून तिनंही ढकललं. म्हातारा वाजवायला बसला. एकेक सूर उठायचा, विरायचा, आणि पुढचा दाबण्याआधी तो थांबायचा, समोर बघत. मधेच चहा घेऊन आलेली सुचिता पियानो आणि भिंत यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून जवळच्या वाटेनं येऊ शकली असती. ती पलंगाला वळसा घालून आली.