साडेपाचचा डोंगर

विजेची कोणती योजना घ्यावी, असं कुणी मीटरकाकांना विचारलं की ते आधी त्याला बसवून घेतात. "सल्ला फुकट आहे," ते म्हणतात, "पण त्याआधी माझी फजिती ऐकावी लागेल." ती ते तिखटमीठ लावून सांगतात आणि स्वतःला एका पैशाची सवलत देत नाहीत. समोरच्याला उशीर होत असला तरी सोडत नाहीत.

एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या दारात उभं राहून मीटर वाचले. दिवसाला दीडशे घरं. बेल वाजवायची, "मीटर कुठंय?" विचारायचं, आकडा लिहायचा, की पुढचं दार. त्या आकड्यामागे कुणी शिजवतंय, कुणी न्हातंय, कुणाचा पंखा आजारी माणसाच्या उशाशी फिरतोय, हे कधी त्यांच्या मनाला शिवलं नाही. तरीही विजेतलं सगळं त्यांना कळतं असा गल्लीभर समज होता, आणि तो पसरवण्यात सगळ्यात मोठा हात त्यांचाच होता.

ते निवृत्त झाले आणि सहा महिन्यांत कंपनीने घरोघरी नवे मीटर बसवून दोन योजना पुढे केल्या. एकीत चोवीस तास एकच दर. दुसरीत सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज स्वस्त, पाच ते दहा चांगलीच महाग, उरलेल्या वेळी मधल्या दराने. काकांनी पत्रक अर्धंच वाचलं, चष्मा कपाळावर चढवला आणि निकाल दिला, "दुसरी. आपण दोघं दिवसभर घरातच असतो. डोळे मिटून दुसरी." डोळे खरोखरच मिटलेले होते, असं आता तेच सांगतात.

काकू घरी शिवणकाम करतात. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचं मशीन, भिंतीला कापडाचे तागे, आणि पलंगाखाली कातरणांची पोती. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून फक्त विचारलं, "अहो, आधी आपल्याकडे कधी काय चालतं ते बघायला नको का? मी साधा फ्रॉकसुद्धा माप घेतल्याशिवाय कापत नाही."

"अगं, एकतीस वर्षं मीटर वाचलेत मी."

या वाक्यापुढे त्या घरात कुणाचं काही चालत नसे. काकूंनी टाचण्या परत तोंडात धरल्या.

पहिलं बिल आलं ते आधीच्यापेक्षा जास्त. काकांनी ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं. दुसरं बिल आलं ते त्याहून जास्त. आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की बाबा, आपलं गणित चुकलं. पण हे पडले तज्ज्ञ, आणि तज्ज्ञाचं गणित चुकत नाही, घरच्यांचं वागणं चुकतं. संध्याकाळच्या महाग वेळेत घरात कोण काय लावतंय, याचा शोध त्यांनी आरामखुर्चीत बसूनच लावला. समोर काकूंचं मशीन घरघरत होतं. त्यावर मोटार होती. झालं, चोर सापडला.

मोटारीची गोष्ट अशी, की पाच वर्षांपूर्वी काकूंचा उजवा गुडघा धरायला लागला तेव्हा काकांनीच ती हौसेने आणून बसवली होती. तोवर काकू पायाने मशीन चालवत. त्या दिवशी आपण किती चांगले नवरे आहोत हे त्यांनी चार घरी जाऊन सांगितलं होतं. मोटार काढताना मात्र ते कुणाच्याच घरी गेले नाहीत.

"थोडे दिवस प्रयोग," ते पट्टा सोडवत म्हणाले. "संध्याकाळी पाच ते दहा मोटार बंद. दिवसा शिव ना, स्वस्त आहे."

"दिवसा कापायचं असतं, इस्त्री असते, दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी माप द्यायला येतं. सलग शिवायला संध्याकाळच मिळते. आणि शाळेचे चाळीस गणवेश घेतलेत मी. शाळा उघडायच्या आत द्यायचेत."

"मग पायाने चालव थोडं. व्यायाम होईल."

हे वाक्य सांगताना काका हटकून थांबतात आणि ऐकणाऱ्याकडे बघतात. 'व्यायाम होईल' असं आपण म्हणालो, हे त्यांना अजून खरं वाटत नाही.

काकूंनी "बरं" म्हटलं. त्यांच्या तोंडून "बरं" आलं की समजावं, वाद संपलेला नाही, त्यांना वादाचा कंटाळा आला आहे. शाळेची ऑर्डर त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती. त्यासाठी त्या दोन वर्षं मुख्याध्यापिकाबाईंच्या मागे लागल्या होत्या, नमुन्याचे दोन गणवेश फुकट शिवून दिले होते. हे काम नीट पार पडलं तर दर वर्षीचं पक्कं होणार होतं. त्यामुळे त्या रोज संध्याकाळी पायडल मारत राहिल्या. काका साडेपाचला फिरायला जात, सातला परत येत, ऐसपैस आंघोळ करत, आणि मग ताजेतवाने होऊन विजेच्या बचतीवर बोलत. मध्येच काकू गुडघ्यावर तळहात दाबून बसत. काकांना वाटे, विसावा घेतेय.

बाराव्या दिवशी ते कंपनीच्या कचेरीत गेले. बचत किती झाली ते कागदावर छापून हवं होतं. दाखवायला चार घरं तयारच होती. खिडकीवरची मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. नव्या मीटरमुळे आता तासातासाचा वापर दिसतो, म्हणून तिने आलेख काढून दिला. दिवसभर रेघ जमिनीलगत, दुपारी इस्त्रीचा तेवढा लहानसा उंचवटा. बरोबर साडेपाचला ती उभी चढायची, आणि कमीजास्त होत नऊला उतरायची. बारा दिवस, बारा डोंगर. त्याच्या आधीच्या बारा दिवसांतही बारा डोंगर, तेवढेच उंच.

"काका, हे रोज काय लावता तुम्ही?" तिने विचारलं.

"मशीन," काका म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मशीनची मोटार तर संध्याकाळी बंद होती. मग डोंगर तसाच कसा?

"मीटर जोरात पळतोय," त्यांनी ठोकून दिलं. नोकरीत असताना असं म्हणणाऱ्या लोकांना ते तोंडावर हसायचे.

"मीटर जोरात पळाला तर दिवसभर पळेल ना काका. तो फक्त साडेपाचलाच कसा पळेल? घरी विचारून बघा."

घरी आले तर मशीन थांबलेलं. काकू पलंगावर, पाय उशीवर, आणि गुडघा सुजून टम्म. शेजारच्या डॉक्टरीणबाई नुकत्याच पाहून गेल्या होत्या. तीन आठवडे पाय हलवायचा नाही, असं बजावून गेल्या होत्या. तेवीस गणवेश घडी घालून ठेवलेले, सतरा कापून पडलेले, आणि शाळा चार दिवसांवर.

काकांनी तो कागद त्यांच्या हातात दिला. काकूंनी तो क्षणभर पाहिला. आकड्यांची त्यांना कधी भीती वाटली नव्हती, आयुष्य इंचात गेलेलं.

"साडेपाचला तुम्ही फिरायला निघता," त्या म्हणाल्या. "निघताना काय लावून जाता?"

काकांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं.

"गीझर लावता. दीड तास टाकी तापत बसते. मग सातला तुम्ही चार चार बादल्या अंगावर घेता, ती पुन्हा तापते. आणि बटण नऊला मी बंद करते, कारण तुम्हाला आठवत नाही."

तरी काकांना राहवेना. त्यांनी पट्टा चढवून मोटार चालू केली, बाहेर जाऊन मीटरवरचा लाल दिवा पाहिला. जितकी वीज जास्त, तितका तो भरभर मिचकतो. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत रोज पाहिलेला दिवा. मोटारीने त्याला काहीच फरक पडला नाही, म्हातारा जांभई देतो तसा तो सावकाश उघडझाप करत राहिला. मग गीझर लावून पाहिला. दिवा असा थरथरायला लागला की मिचकणं मोजता येईना. मोटार अख्खी संध्याकाळ चालली तरी अर्धं युनिट होत नव्हतं, आणि काकांची आंघोळ तीन युनिट खात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इथे तर कळसा काखेत घेऊन माणूस बायकोच्या हातापायाची झडती घेत होता.

दुसऱ्या दिवशी तेवीस गणवेश घेऊन ते शाळेत गेले. "आजारी आहे म्हणून सांगा," काकूंनी बजावलं होतं. पण मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून पाहत "उरलेले?" असं विचारलं, तेव्हा काकांच्या तोंडून सगळं भडाभडा बाहेर आलं. योजना, मोटार, व्यायाम, गीझर, बादल्या. शिपाई दारात थबकून ऐकत होता. बाई हसल्या नाहीत. "मला सोमवारी मुलं गणवेशात उभी करायची आहेत," त्या म्हणाल्या, आणि समोरच्या शिंप्याचा पत्ता दिला. सतरा गणवेशांचं कापलेलं कापड काकांनी स्वतःच्या हाताने नेऊन त्याच्या टेबलावर ठेवलं. शिंप्याने एक बाही उलगडली, काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "कुणी कापलंय? हात चांगला आहे."

घरी काकूंनी विचारलं, "काय सांगितलंत?"

"खरं ते."

"म्हणजे?"

"माझ्या आंघोळीपायी गणवेश राहिले, असं."

काकू आधी बघतच राहिल्या, मग हसायला लागल्या, इतक्या की गुडघ्याला कळ लागली तरी थांबेनात. "आता अख्ख्या शाळेला तुमची आंघोळ कळली." त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि ते पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या. थोड्या वेळाने योजनेचं पत्रक मागून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. "हीच राहू दे. वाईट नाही. इस्त्री मी दुपारीच करते. तुम्ही चारला न्हा, आणि बाहेर आलात की बटण बंद. संध्याकाळी फक्त दिवे, पंखा आणि माझी मोटार."

"बरं," काका म्हणाले. मग चाचरत, "पुढच्या वर्षी ऑर्डर मिळाली तर घेशील ना?"

काकूंनी पत्रकाची घडी घातली. "ते मी गुडघ्याला विचारून ठरवीन," त्या म्हणाल्या. "तुम्हाला विचारून नाही."