निळ्या कागदावरची बाई

मालकांनी प्रूफ माझ्या टेबलावर आपटलं. "हे काय होय बे? बाई आहे का भूत?"

खरंच भूत होतं. केसांच्या, पापण्यांच्या काळ्या रेघा तेवढ्या उरल्या होत्या. कपाळ, गाल, खांदे, सगळं गायब.

सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका छापखान्यात प्रोसेस कॅमेऱ्यावर होतो. म्हणजे चित्राचा फोटो काढायचा, त्यावरून जस्ताचा ब्लॉक करायचा, आणि त्या ब्लॉकला शाई लावून मशीनवर छापायचं. पुस्तक होतं रिटायर झालेल्या एका ड्रॉइंग मास्तरांचं, एका फ्रेंच चित्रकारावर. त्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. पाथरवटाचा पोरगा. संसारात सुख नाही. त्या काळी पॅरिसमध्ये पुतळ्यासारखी ताठ, रेखीव चित्रं चालायची. पुढची पिढी वादळं रंगवणार होती. हा मधला माणूस. देह पुतळ्याचेच काढायचा, पण चांदण्यात बसवल्यासारखे मऊ. मास्तरांनी एका विलायती पुस्तकातली त्याची चित्रं आणून दिली होती. निळ्या कागदावर काळा आणि पांढरा खडू, बस्स.

तिथेच घोडं पेंड खात होतं. आमच्या साध्या फिल्मला निळा रंग पांढराच दिसतो. कागद पांढरा, खडूही पांढरा. मग बाई दिसणार कशी?

"मास्तर, ते चित्र काढून टाका," प्रूफ पाहायला आलेल्या मास्तरांना मालक म्हणाले. "बाकीचे तं बरे आले न."

"ह्या एका चित्रासाठी मी पुस्तक लिवलं." मास्तरांनी प्रूफ मालकांपुढे सरकवलं. "हे नसन, तर पुस्तकच छापू नोका."

मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. माझ्या कॅमेऱ्याने हार खायची? छट्!

"मास्तर, काळ्या-पांढऱ्याच्या मधला रंग हा चित्रकार कसा भरायचा?" मी विचारलं.

"भरतच नव्हता गा! तिथं कागदच मोकळा सोडायचा."

अरे, मग आपण तरी निळा कशाला छापायचा? कागदच निळा घ्यायचा! भुताच्या निगेटिव्हमध्ये फक्त काळा खडू उतरला होता. म्हणजे काळा ब्लॉक तयारच की! मग सगळे रंग ओळखणारी प्लेट घेतली, लेन्सवर नारिंगी काच चढवली. ती काच निळ्याला काळं पाडते. आता फक्त पांढरा खडू उरला. त्याचा दुसरा ब्लॉक केला.

कागद इतवारीच्या बाजारात मिळाला, कापडदुकानात धोतरजोडीला गुंडाळायचा. मालकांनी कपाळावर हात मारला. "फ्रान्सची बाई धोतराच्या कागदावर? इज्जत घालवतं का बे माही?"

आधी काळा छापला. तो वाळल्यावर घट्ट पांढरी शाई. दुसरा ब्लॉक केसभर सरकला असता तरी बाई तिरळी झाली असती. पहिला कागद बाहेर आला आणि मी ओरडलोच, "आली, आली!" गाल गोल, खांद्यावर उजेड. अशी छपाई आमच्या छापखान्यात कोणी पाहिली नव्हती.

मास्तरांनी कागद खिडकीशी नेला. बराच वेळ पाहिला. मग त्यावर अलगद फुंकर मारली.

"काहून फुंकता, मास्तर?" मालकांनी विचारलं.

"खडूची भुकटी उडते का, पाहून राहिलो," मास्तर म्हणाले, आणि रडता रडता हसले.

पुस्तक निघालं, निळ्या पानासकट. त्या पानाची एक प्रत मालकांनी फ्रेम करून ऑफिसात लावली. येईल त्याला "आपली आयडिया" म्हणून दाखवायचे. मी मात्र तेव्हापासून बिघडलेली निगेटिव्ह फेकण्याआधी एकदा उजेडात धरून पाहतो.