यादीबाहेरचे रुसलेले मामा

रविवार, अकोला. हजर: भाचीच्या लग्नाला आमच्याकडचे ऐंशी, अमरावतीहून आलेले वरपक्षाचे साठ आणि मांडवाच्या खांबाकडे तोंड करून बसलेले एक गृहस्थ. ते माझ्या कोणत्याच यादीत नव्हते.

मुहूर्ताला दहा मिनिटं होती. नवरदेवाचे मामा रुसले, असं समजून माझा भाऊ, म्हणजे नवरीचे वडील, हात जोडून म्हणाला, "काहून रुसले जी मामाजी? काई चुकलं का आमचं?"

गृहस्थांनी फक्त उपरणं झटकलं. वरपक्षाला ते नवरीचे मामा वाटले, म्हणून ती मंडळीही त्यांना विनवू लागली. मुहूर्त टळेल या भीतीनं भावानं मामांच्या मानाची शाल त्यांना पांघरली. तेव्हा कुठे ते उठले.

मी त्यांना बाजूला घेतलं. "तुम्ही कोणाकडचे?"

"कोनाकडचाच नाई, बाई. नाटकात रुसलेल्या मामाचं काम भेटलं. घरी आठ दिवस रुसून पायलं, पन मले मनवाले कोनी येतच नाई. म्हून सरावाले इथं येऊन बसलो."

मी त्यांना पहिल्या पंगतीत बसवलं.

लग्न वेळेवर लागलं. पण आपली शाल परक्याच्या अंगावर पाहून नवरदेवाचे खरे मामा न जेवताच अमरावतीला परतले. त्यांच्या राजापेठेतल्या घरी जाऊन त्यांना मनवायचं अजून राहिलं आहे.